अक्रोडाच्या शिंगावरचा डाग

वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं आणि खोलीत काहीच हलेनासं झालं. म्हाताऱ्याच्या हातातलं भिंग वाटेतच थांबलं. खिडकीतून आलेल्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता. तोही खाली बसायला धजत नव्हता. मी काय बोललो ते मनातल्या मनात पुन्हा तोलून पाहिलं. पेशाने मी वजनमापांचा तपासनीस. दुकानोदुकानी हिंडून तराजू तपासायचे, खरे असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे बावीस वर्षं करतो आहे. बोललेलं वाक्यसुद्धा मी दुसऱ्यांदा पारड्यात टाकून बघतो. वाक्यात खोट सापडली नाही.

"दोन वर्षांत सुरावरून केसभर ढळली नाही," एवढंच मी म्हणालो होतो. "दर रविवारी सूर मोजायचं यंत्र लावून बघतो. काटा मधोमध. काय हात आहे तुमचा!"

कौतुक होतं ते. आणि कौतुक ऐकून माणूस असा गप्प होत नाही.

आमच्या दोघांमध्ये, बाकावरच्या जाड फडक्यावर, माझी बेस गिटार उताणी पडली होती. अक्रोडाचं अंग, मेपलची मान, चार जाड तारा. ती याच बाकावर जन्मली होती. तिला घडवणाऱ्या या म्हाताऱ्याला सगळे पटाशी म्हणत, कारण त्याच्या हातातली पटाशी लाकूड जितक्या सफाईने तासायची तितक्याच सफाईने त्याची जीभ गिऱ्हाइकाला तासायची. वर्षाला तीन वाद्यं, फार तर चार. प्रत्येकाची मान घेणाऱ्याच्या पंजाचं माप घेऊन घडवलेली. आणि आता त्याने सांगून टाकलं होतं की यापुढे फक्त एकच. एकोणीस वर्षं वाळत घातलेली एक फळी उरली होती. ती संपली की हत्यारांना तेल लावून कपाट बंद. त्या एका वाद्यासाठी पाच जण रांगेत होते. पहिला मी. चार वर्षं पहिला.

अट एकच, सगळ्यांना सारखी: नवी हवी तर आधीची दाखवायला आणा. ती पाहून तो ठरवणार. एका डॉक्टरला त्याने दारातूनच परत पाठवलं होतं, "ही तुम्ही भिंतीला टांगली होती. मग खिळा विकत घ्या, गिटार कशाला?" हा किस्सा कानावर आल्यापासून माझा जीव टांगणीला लागला होता. कारण मी माझी वाजवत नव्हतो.

हे कबूल करणं मला जड जातं. घरात माझ्या दोन, थोरली आणि ही धाकटी. दोन्ही पटाशीच्याच हातच्या. बायको गमतीने म्हणायची, "मी एकटी सून म्हणून आले, मागून दोन सवती आल्या. त्यांना वेगळी खोली, मला स्वयंपाकघर." ती खोली मी खरंच त्यांच्यासाठी राखली होती. हवेतला ओलावा मोजणारं घड्याळ भिंतीवर. ते मी सकाळी कामाला जाताना आणि परत आल्यावर बघायचो. काटा जरा सरकला की मी खिडक्या लावून घ्यायचो. धाकटीच्या वरच्या शिंगावर, म्हणजे मानेच्या बाजूला अंगाचं जे टोक पुढे येतं त्यावर, नाण्याएवढा एक काळसर, तुकतुकीत डाग दिसायला लागला तेव्हा मी उन्हाला दोष दिला आणि तिची जागा तीनदा बदलली. डाग वाढतच गेला. पण वाजवणं? सुरुवातीच्या महिन्यांत मी प्रयत्न केला होता. माझ्या बोटांतून जे निघायचं ते ऐकून मलाच त्या लाकडाची लाज वाटायची. इतक्या देखण्या घशातून इतकं बेसूर कुणी बोलवावं? मग मी नुसता बघत बसायला लागलो. रविवारी मऊ फडक्याने पुसायची, यंत्र लावायचं, काटा मधोमध थांबलेला पाहायचा, आणि आठवडाभर पुरेल एवढा शांत श्वास घ्यायचा.

"यंत्र लावून बघता," पटाशी शेवटी म्हणाला.

"दर रविवारी."

"आणि सूर लावता?"

"म्हणजे?"

"खुंट्या पिळता का साहेब, खुंट्या?"

"पिळाव्याच लागत नाहीत. तेच तर सांगतोय."

"वा!" त्याने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे मी दगडाची केली म्हणायची."

मी हसलो. तो हसला नाही.

"लाकूड आहे ते," तो म्हणाला. "दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आखडतं. मी केली म्हणून काय तिला ऋतू नाहीत? पंधरा दिवस कुणी हात लावला नाही तर ही उतरणारच. दोन वर्षं काटा मधोमध, याचा अर्थ एकच. कुणीतरी रोज राखतंय तिला."

हे मला कळायला हवं होतं. बाजारात एखादा तराजू वर्षानुवर्षं गुंजभरही चुकत नसेल तर मी आधी त्याच्याकडेच संशयाने वळतो. खऱ्या तराजूला थोडी तरी झीज असते. पण घरातल्या काट्यावर मी डोळे मिटून शिक्का मारत आलो होतो. आपल्या वस्तूच्या थोरवीचा पुरावा कोण उलटा करून बघतो?

पटाशीने खुंट्या सैल करायला घेतल्या. चारही तारा एकदम. मी पुढे झालो. ताण गेला तर मान मागे वळेल, या भीतीने मी त्या कधी काढल्या नव्हत्या.

"अहो, मान..."

"मान काही तुमच्यासारखी भित्री नाही. तासाभरात काही होत नाही तिला."

तारा बाजूला झाल्या आणि मानेवर आडवे बसवलेले धातूचे पडदे उघडे पडले. त्याने दिवा खाली ओढला, मान डोळ्याच्या रेषेत धरली, मग अंगठ्याचं नख एकेका पडद्यावरून फिरवलं. नख अडखळत होतं. मलाही दिसलं. बरोबर तारांच्या खाली, धातूत बारीक खळगे पडले होते. जिन्याच्या पायऱ्या पावलांनी झिजतात तसे.

"रोज वाजलेली आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच ऊब आली. "बघा. जाड तारेखाली तिसरा पडदा, पाचवा. शेजारच्या तारेखाली पुन्हा तिसरा. सातव्याच्या पुढे सगळं कोरं. एकच गत आहे, पुन्हा पुन्हा तीच. हात लहान आहे. बोटं ताणत नाही, सरकवत नेतो. म्हणून खळगे लांबट झालेत. अनामिका जोरात दाबते." त्याने नजर वर केली. "असं वाजवणाऱ्यालाच मी ती फळी देणार होतो. कुणाचा हात हा?"

त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. फळी हातची जाऊ नये, एवढंच होतं.

"माझाच," मी म्हणालो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपार झाली होती. पटाशीने आपला पंजा पुढे केला.

"आणा बघू डावा."

त्याने माझ्या बोटांची टोकं एकेक करून चिमटीत धरली, पिकलं फळ दाबून बघावं तशी.

"लोणी," तो म्हणाला. "या बोटांनी शिक्के मारा साहेब, खोटे नका मारू."

मी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

पटाशीचं लक्ष आता वरच्या शिंगाकडे गेलं होतं. तो डाग. मी घाईने सांगायला लागलो, की खिडकी पश्चिमेला आहे, ऊन तिरकं येतं, मी जागा बदलून पाहिली... त्याने मला हातानेच थांबवलं. डागावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग त्याने गिटार उचलली, जरा उभी धरली, स्वतः वाकला आणि आपला जबडा बरोबर त्या डागावर टेकवला. डाग आणि जबडा एकमेकांत बसले. एक तार पुन्हा बेताची ताणून त्याने छेडली. मला जेमतेम खर्जातली कुजबुज ऐकू आली. वीज नसताना ही वाद्यं मुकीच असतात.

"रंध्याच्या मशीनने माझा हा कान खाल्ला," तो तसाच टेकून म्हणाला. "बारा वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक वाद्य मी असंच ऐकतो. हाडातून. कानाला चुकवून आवाज थेट आत जातो." त्याने गिटार खाली ठेवली. "डाग उन्हाचा नाही साहेब. कातडीचा आहे. घरात कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

आम्ही दोघांनी एकदमच मागे पाहिलं.

ती आमच्याकडे पाठ करून, दूरच्या भिंतीशी रचलेल्या फळ्यांपुढे उभी होती. सकाळी गाडी तिनेच चालवत आणली होती, कारण मला गिटारची पेटी मांडीवर धरून मागे बसायचं होतं. आता ती एका फळीच्या रेषांवरून बोट फिरवत होती, नकाशात आपलं गाव शोधावं तशी.

"वहिनी," पटाशीने हाक मारली.

ती हलली नाही.

"अहो वहिनी!"

"रागावली असेल," मी म्हणालो. "हल्ली तिचं हे असंच. हाक मारली की अबोला. मी आता मनावर घेत नाही."

पटाशीने माझ्याकडे पाहिलं. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेल्या दुकानदाराकडे मी ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने. मग त्याने टाच उचलली आणि लाकडी जमिनीवर जोरात आपटली.

ती तत्काळ वळली.

एखादी गोष्ट समजायला किती वेळ लागतो याचं माप माझ्या वजनांच्या पेटीत नाही. ती वळली तेवढ्यात दोन वर्षं माझ्या अंगावरून गेली. स्वयंपाकघराच्या दारातून मारलेल्या हाका आणि तिची न हलणारी पाठ. टीव्हीवर खाली अक्षरं आणायला लागली ती. फोन वाजला की "तुम्हीच घ्या ना, माझे हात ओले आहेत." जेवायला बसताना समोरची खुर्ची धरायला लागली, जिथून माझं तोंड दिसतं, मला वाटलं होतं, प्रेम आहे. छापखान्याच्या बांधणी विभागात ती घडी घालणाऱ्या मशीनवर वीस वर्षं होती. दीड वर्षापूर्वी तिला हातशिलाईच्या टेबलावर बसवलं तेव्हा ती म्हणाली होती, "बढती मिळाली, आता शांत काम." मी अभिनंदन केलं होतं. आणि प्रत्येक अबोल्याला मी माझ्या बाजूने एक अबोला जोडत गेलो होतो, हिशेब चुकता ठेवावा तसा.

ती बाकापाशी आली. उघडे पडदे तिने पाहिले, सुट्या तारा पाहिल्या, आणि तिचा डावा हात आपोआप स्वेटरच्या खिशात गेला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. त्या खोलीत इतका वेळ मी एकटाच भ्यायलेला आहे असं मला वाटत होतं.

पटाशी तिच्या बरोबर समोर येऊन उभा राहिला आणि स्वच्छ, सावकाश बोलला. "काय वाजवता वहिनी?"

"मी कुठे... काही नाही."

"पडद्यांनी सांगितलं. माझ्यापासून कशाला लपवता? मी बाळंतपण केलंय हिचं."

ती हसली, हसू आवरता आलं नाही म्हणून. "चारच सूर आहेत. खाली जातात आणि परत येतात. मला तेवढंच येतं."

"कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. धूळ पुसताना हनुवटी लागली आणि..." तिने उजव्या हाताने जबड्याला स्पर्श केला. "इथे वाजलं. किती दिवसांनी काहीतरी पूर्ण ऐकू आलं." मग घाईघाईने, माझ्याकडे वळून, "तुम्ही म्हणाला होतात, हाताचा घाम लागतो लाकडाला. मी रोज हात धुऊन घेत होते हो. कोरडे करून."

मी बाकावरचं फडकं उगाच सरळ केलं. 

"सूर कसा लावता?" पटाशीने विचारलं. आता तो कारागीर म्हणून विचारत होता.

"पहिली तार यांच्या यंत्रावर लावून घ्यायची. मग दोन-दोन तारा एकाच सुराला आणायच्या. जुळत नाहीत तोवर थरथर असते ना, ती हळूहळू मंद होते. थांबली की लागला." ती जरा थांबली. "हे रविवारी बघतात. म्हणून शनिवारी मी जास्त नीट लावून ठेवते. यांना शंका नको."

पटाशीने दोन्ही हात कमरेवर ठेवून छताकडे पाहिलं. "नवरा तराजू तपासतो," तो छताला म्हणाला, "आणि बायको तराजू खरा करून ठेवते."

मग तो आत गेला आणि ती फळी घेऊन आला. एकोणीस वर्षांची. मी तिची स्वप्नं पाहिली होती, पण तिला पाहिलं नव्हतं. रंगाने मधासारखी, रेषा इतक्या दाट की बोटाने मोजता येऊ नयेत. त्याने ती उभी धरली आणि बायकोला खुणेने सांगितलं. तिने डोळे मिटले, जबडा फळीच्या कडेला टेकवला. त्याने खालच्या टोकाला बोटाच्या पेराने एक टिचकी मारली.

तिचा चेहरा मी सव्वीस वर्षं पाहतो आहे असं मला वाटत होतं. हा त्यातला नव्हता.

"बोला साहेब," पटाशी माझ्याकडे न बघता म्हणाला. "रांगेत नाव तुमचं. हक्क तुमचा. फळी एक, मान एक. कुणाच्या हाताची करू?"

ती डोळे मिटून लाकडाला टेकली होती. मी काय बोलतो ते तिला दिसत नव्हतं, म्हणजे ऐकू येत नव्हतं. मी 'माझ्या' म्हणालो असतो तरी तिला ते कधी कळलं नसतं. ती वाईटही वाटून घेणार नव्हती. आपल्याला काही मागता येतं हेच तिला माहीत नव्हतं. चार वर्षांचा पहिला नंबर. मी ती फळी पाहिली. घरच्या त्या खोलीतला तिसरा स्टँड डोळ्यांपुढे आला, जो मी आधीच आणून ठेवला होता. रिकामा.

"तिच्या," मी म्हणालो.

"मोठ्याने बोला. मलाही एकच कान आहे."

"तिच्या!"

माझा आवाज फुटला. फळ्यांच्या चळतीवरून तो माझ्याकडेच परत आला. तिने डोळे उघडले नाहीत.

मग पटाशीने कागद पसरला, तिचा डावा पंजा त्यावर ठेवला आणि पेन्सिलने कडेकडेने रेघ ओढत गेला. करंगळीपाशी तिला गुदगुल्या झाल्या. "माझा कशाला?" ती विचारत होती, "अहो, यांचा घ्या ना, यांची आहे ती." तो मान खाली घालून रेघ ओढत राहिला आणि पुटपुटला, "साहेबांना विचारा." ते तिला कळलं नाही; तो खाली बघून बोलला होता. धाकटीला त्याने पुन्हा तारा चढवल्या. सूर मात्र लावला नाही. "घरी गेल्यावर लावणारी लावेल," म्हणाला. शिंगावरचा डाग पुसू का, असं मी विचारलं तेव्हा त्याने दार उघडून धरलं.

बाहेर गल्लीत ऊन चढलं होतं. गाडी टोकाला, लाकडाच्या वखारीपाशी उभी होती. ती चार पावलं पुढे चालत होती, डावा हात आता खिशाबाहेर, बोटांवर पेन्सिलीची काजळी. मी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"कधीपासून?" मी मागून विचारलं.

ती चालत राहिली. सवयीने माझ्या आत तो जुना राग उठला, हाकेला उत्तर न मिळाल्याचा. आणि उठल्या उठल्याच ओशाळून खाली बसला. मी धावलो. पेटी कडेच्या भिंतीला आपटली, आत तारा कुजबुजल्या, मी थांबलो नाही. तिला मागे टाकून मी वळलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. ऊन माझ्या तोंडावर येईल असा.

"मला का सांगितलं नाहीस?"

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. शेवटच्या अक्षरापर्यंत. तिचे स्वतःचे ओठ किंचित हलले, प्रश्न जिभेवर घेऊन बघितल्यासारखे. तिला सगळं कळलं होतं. एकही शब्द वाटेत सांडला नव्हता. मी वाट पाहत होतो. उत्तर काय असेल हे मला बहुधा माहीत होतं, आणि तरी ते तिच्याच तोंडून यावं असं वाटत होतं, अगदी शिवी असली तरी.

ती पुढे झाली. माझ्या हातातून तिने पेटीची मूठ सोडवून घेतली. माझी बोटं लगेच सुटली नाहीत, तिने ती एकेक करून उघडली. 'सांभाळून' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. तो मी गिळला.

पेटी उजव्या हातात घेऊन, जरा त्या बाजूला झुकून, ती गाडीकडे चालत गेली.